शिपायाचे पोट आणि शिपायाचे रक्त

सातारा-सांगलीकडे इतिहासावर बोलायचे म्हटले की वक्त्याने अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करावी, प्रतापगडावर थांबावे आणि वेळ उरला तर बेचाळीसच्या प्रतिसरकारपर्यंत यावे, असा इकडचा परिपाठ आहे. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण लढाईचा इतिहास लिहिणारे लोक तोफा मोजतात, मेलेले मोजतात, पदके मोजतात. आणि जो शिपाई जिवंत परत आला, वीस वर्षे पेन्शन खाऊन अंथरुणावर झिजून गेला, त्याची मोजदाद कोठे होत नाही. त्याच्या पोटाचे काय झाले आणि त्या पोटापायी त्याच्या अंगातले रक्त कसे आटले, हा आजचा आमचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि विद्यापीठातले इतिहाससंशोधकही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या टेबलावर आणि युनियनच्या कचेरीत. या विषयाशी आमचा संबंध आला तो कामगार चळवळीतून. कूपवाड, मिरज, सातारा येथील कारखान्यांच्या फाटकांवर जे पहारेकरी उभे असतात, त्यांत लष्करातून उतरलेली माणसे पुष्कळ. सतरा-अठरा वर्षे नोकरी झाली, वय चाळिशीच्या आत-बाहेर, मुले शाळेत, घर अर्धे बांधलेले. अशा वेळी माणूस पुन्हा गणवेश चढवतो, फक्त या खेपेला तो ठेकेदाराचा असतो. अशी माणसे पगाराच्या आणि बारा तासांच्या पाळीच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे येत. त्यांच्या कागदांच्या पुडक्यात दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघत. चिठ्ठीवर हिमोग्लोबिन आठ, कधी सात. विचारले तर उत्तर एकच, "पोट धरत नाही साहेब, आणि अंगात रगत राहत नाही." हे इतक्यांदा ऐकले की मग आम्ही त्याच्या मुळाशी जायचे ठरवले.

मूळ शोधताना आम्ही शंभर वर्षे मागे गेलो.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. गावाच्या नावालाच पलटणीचा शिक्का बसलेला. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. अपशिंग्यासारखेच मन त्या वेळच्या अखंड सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा पहिल्या युद्धाच्या गोष्टीत वाळवा, तासगाव, खानापूरची माणसेही साताऱ्याचीच म्हणून मोजायची. दुष्काळी माणदेश, दगडाळ रान, आणि शिपायाला महिना अकरा रुपये पगार. शौर्याची परंपरा होतीच, ती आम्ही नाकारत नाही. पण अकरा रुपयेही होते. ते कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

ही माणसे बोटीने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेली. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी डिव्हिजन पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाई आणि तीत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. बगदादच्या वाटेवर माघार घ्यावी लागली आणि ही सेना तैग्रिस नदीच्या वळणावरील कूट अल् अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. या वेढ्यात जे घडले ते आमच्या विषयाचे पहिले प्रकरण होय.

गोऱ्या शिपायाला पांढऱ्या मैद्याची पावरोटी मिळे. हिंदी शिपायाला आटा, डाळ, तूप. दिवस जाऊ लागले तशी गोऱ्यांच्या पायांवर सूज आली, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपायाला तो झाला नाही, कारण त्याच्या पिठात कोंडा होता. पण त्याच्या हिरड्या सुजल्या, दातांतून रक्त येऊ लागले, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उकलल्या, अंगावर काळे-निळे डाग पडले. हा स्कर्व्ही. ताजी भाजी नाही, फळ नाही, ताजे मांस नाही. गोऱ्यांनी घोड्याचे मांस खाल्ले आणि ते स्कर्व्हीतून बरेचसे वाचले; हिंदी शिपायांनी धर्मापायी ते बरेच दिवस नाकारले. पुढे गोऱ्यांवरही जाडेभरडे पीठ खाण्याची पाळी आली, तेव्हा त्यांचा बेरीबेरी ओसरला. एकाच वेढ्यात, एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन माणसांना शिध्याच्या फरकाने दोन वेगळे रोग व्हावेत, याहून स्पष्ट धडा आहारशास्त्राला क्वचितच मिळाला असेल. या दोहोंवर भर म्हणून आव आणि अतिसार होतेच. स्कर्व्हीत रक्त झिरपते, आवेत रक्त पडते, आणि भाजीफळातले जे जीवनसत्त्व अन्नातले लोह अंगी लागायला मदत करते तेच ताटात नाही. मग माणूस पांढराफटक पडला तर नवल काय?

कूट पडले तरी रोग पडला नाही. बाहेर जी मदतीची सेना होती तिच्यातही १९१६ च्या उत्तरार्धात हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्हीचे अकरा हजारांवर रोगी झाले. लंडनला चौकशीसाठी मेसोपोटेमिया कमिशन बसले आणि १९१७ च्या त्याच्या अहवालाने लष्करी दवाखान्यांच्या आणि रसदीच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक या विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिले की कोरडी डाळ स्कर्व्ही टाळत नाही, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की टाळते. श्रोतेहो, मोड आलेल्या मटकीची उसळ सातारा जिल्ह्यात कोणत्या घरी होत नव्हती? शिपायाच्या आईला जे ठाऊक होते ते कोठारावरच्या साहेबाला ठाऊक नव्हते. कोठारात मात्र फोडलेली, सोललेली डाळ. तिला मोड कसले येणार!

आता थोडा वेळ लष्कर सोडून गिरणगावात जाऊ. ज्या घरातला एक भाऊ पलटणीत जाई, त्याच घरातला दुसरा मुंबईला गिरणीत जाई. घाटावरची आणि कोकणातली माणसे लालबाग-परळच्या चाळींत भरली होती. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा थोर संप झाला. दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर होता. आमच्या चळवळीचा तो पाया. आणि नेमक्या त्याच साली परळच्या हाफकिन संस्थेत लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई दाखल झाल्या. मुंबईच्या गरोदर कामकरी स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय होत असे आणि पुष्कळ बाया बाळंतपणात दगावत. त्याचा शोध घेण्यासाठी त्यांना बोलावले होते, आणि त्या कामाला लेडी टाटा स्मारक निधीतून पैसा मिळाला होता.

विल्सबाईंनी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. साध्या रक्तक्षयात, म्हणजे लोह कमी पडले की, रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या स्त्रियांच्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या होत्या. लोह देऊन त्या सुधारत नव्हत्या. बाईंनी जंतू शोधले, ते कारण नव्हे असे ठरले. मग त्यांनी घरोघरचा आहार तपासला आणि तेथे धागा सापडला. ज्यांच्या ताटात भाजीपाला, दूध, मांस अगदीच तुटपुंजे, त्यांना हा रोग जास्त. त्या काळी अशा मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर यकृताचा अर्क हा एकच उपाय माहीत होता. अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली तो दाखवला आणि त्यासाठी १९३४ साली व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु यकृताचा अर्क महाग; चाळीतल्या बाईला तो कसा परवडणार? विल्सबाईंनी माकडांवर आणि मग रोगी स्त्रियांवर मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क वापरून पाहिला आणि त्याने रक्त भरून आले. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. अर्कातल्या त्या अज्ञात पदार्थाला पुढे विल्स फॅक्टर असे नाव पडले.

वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण बाळंतपणाच्या सदरात जाते. आम्ही ते शिपायाच्या सदरात आणतो, कारण मुंबईच्या चाळीत जे दिसले तेच पुढच्या युद्धात छावणीत दिसले. १९४५ साली टेलर आणि छुटानी या दोन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिंदी शिपायांमधील याच मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर लेख लिहिला. गिरणीतली बाई आणि पलटणीतला गडी यांच्या रक्ताची तक्रार एकच होती. ज्यांना शिपाईगडी म्हणजे तूप-दूध खाऊन पुष्ट झालेला असे वाटते, त्यांनी हा विचार करावा.

दुसऱ्या युद्धात आपली माणसे आफ्रिकेत गेली, इटलीत गेली आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर गेली. मणिपुरात सांगशाक येथे मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीने जपान्यांची वाट अडवून धरली, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या आघाडीवर गोळीने जेवढे निकामी झाले त्याहून कितीतरी जास्त हिवतापाने, आवेने आणि अतिसाराने झाले. त्यांतल्याच काहींना स्प्रू नावाचे चिवट दुखणे जडले. आपल्याकडचे वैद्य ज्याला संग्रहणी म्हणतात त्याच्याशी ते जवळजवळ जुळते. फिकट, फेसाळ, चिकट जुलाब. जीभ लाल आणि हुळहुळी. खाल्लेले अंगी लागत नाही. मांड्या सुकतात, पोट फुगते, आणि काही महिन्यांनी तोच मोठ्या पेशींचा रक्तक्षय. कील आणि बाउंड यांनी हिंदुस्थानातील अशा ६०० रोग्यांची पाहणी १९४६ साली प्रसिद्ध केली. उपचार काय? यकृताची टोचणी, विश्रांती आणि बेताचे अन्न. आपले वैद्य ताकावर ठेवत. दूध पचत नसलेल्या आतड्याला ताक बरे पडते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

संग्रहणीच्या इतिहासात एका आंध्र माणसाचे नाव घ्यावे लागते. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने या रोगाने गेले. स्वतः सुब्बाराव त्यातून कसेबसे वाचले. पुढे ते अमेरिकेत गेले, हार्वर्डला राबले आणि लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या पथकाने १९४५ साली फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. लुसी विल्स यांच्या मार्माइटमधला पदार्थ तो हाच. यकृताच्या महाग टोचण्याऐवजी एक गोळी! ज्या रोगाने भाऊ नेले त्याचे औषध ज्याच्या हाताखाली तयार झाले तो माणूस १९४८ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी यकृतातला दुसरा पदार्थ, म्हणजे जीवनसत्त्व ब-१२, हाती लागला. आणि एक धोकाही उमगला : ज्याला ब-१२ कमी आहे त्याला नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतू बिघडत राहतात; हातापायांना मुंग्या येतात, चाल अडखळते.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडचा पेन्शनर शिपाई घरी आला की पुष्कळदा गळ्यात माळ घालतो, पंढरीची वारी धरतो आणि मटण सोडतो. त्याच्या भक्तीविषयी आम्हाला आदरच आहे. पण ब-१२ हे मांस, मासे, अंडी आणि काही अंशी दूध यांतूनच मिळते, भाजीपाल्यात नसते. माळकऱ्याचे आतडे धड असेल तर दुधाताकावर थोडेफार निभावते. आतडे आजारी असेल तर निभावत नाही. त्याने माळ काढू नये, टोचून घ्यावे. ब-१२ चे इंजेक्शन हे काही मांसाहार नव्हे.

आता मुख्य दुखण्याकडे वळू. वर्षानुवर्षे रक्त-शेम पडते, पोटात कळा येतात, वजन घटते, अशा माणसाला आपल्याकडे एकच नाव होते, आव. लष्करातही तेच. १९१२ साली कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनच्या टोचणीने अमीबाची आव बरी होते हे दाखवल्यापासून, पोटातून रक्त आले की दे एमेटीन, अशी रीतच पडली. ज्यांना खरोखर अमीबा होता ते बरे झाले. काही मात्र बरे होत ना. जंतू सापडत नाही, औषध लागू पडत नाही, आणि रोग थोडा ओसरून पुन्हा उलटतो. हे लोक वेगळ्या रोगाचे होते. मोठ्या आतड्याच्या अस्तराला आतून व्रण पडतात त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली त्याचे वर्णन केले. दुसरा क्रोन्सचा रोग. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला होतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी तो १९३२ साली वेगळा ओळखला. दोन्हींत शरीराची संरक्षक यंत्रणाच आतड्यावर उलटते. हे जंतूचे दुखणे नव्हे आणि ते एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. जगाने या रोगाचे नाव मोठ्या प्रमाणावर ऐकले ते एका शिपायामुळेच. दुसऱ्या युद्धातले सेनापती आणि नंतर अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयसेनहॉवर यांच्यावर जून १९५६ मध्ये याच रोगाची शस्त्रक्रिया वॉल्टर रीड या लष्करी इस्पितळात झाली. ते पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले.

हा गोऱ्या लोकांचा, श्रीमंत देशांचा रोग, आपल्याकडे विरळा, असा समज आपल्या देशात बराच काळ होता. तो आता टिकलेला नाही. इकडे एक अडचण मात्र अधिक : आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. क्षयाच्या माणसाला क्रोन्सची औषधे दिली तर क्षय भडकतो. म्हणून दुर्बिणीने आतडे पाहणे आणि तुकडा तपासणे याला पर्याय नाही. मिरजेत वानलेससाहेबांनी १८९४ साली इस्पितळ उघडले आणि आमच्या भागातल्या पोटाच्या रोग्यांना शस्त्रक्रियेची सोय घराजवळ झाली. १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागते, ही सबब आज आमच्या भागात चालणार नाही.

या रोगात रक्त का आटते? कारणे एकापेक्षा जास्त आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय औषध लागू पडत नाही. व्रणांतून रोज थोडे रक्त जाते, त्याबरोबर लोह जाते. हे कोणालाही कळेल. दुसरे कारण २००१ च्या सुमारास उलगडले. शरीरात दाह चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ जास्त सोडते आणि तो लोहाची दारे बंद करतो. पोटात घेतलेली लोहाची गोळी आतड्याच्या भिंतीपलीकडे जात नाही, आणि अंगात साठलेले लोहही कोठारात अडकते. आम्हा युनियनवाल्यांना हे चटकन समजते. गोदामात माल आहे, फाटकाला कुलूप आहे आणि खात्यात यंत्रे थांबली आहेत! अशा वेळी फाटकाबाहेर आणखी माल आणून टाकण्यात अर्थ नसतो. तिसरे कारण ब-१२ चे : ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातच शोषले जाते आणि क्रोन्सचा रोग नेमका तेथेच बसतो, तो भाग कापून काढला असेल तर जन्मभर टोचणी घ्यावी लागते. चौथे, सल्फासॅलाझिन. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरीणबाईंनी प्रचारात आणलेले हे औषध कोलायटिसवर आजही वापरतात. ते गुणकारी आहे, पण फॉलिक आम्लाला आडवे येते. म्हणून सोबत फॉलिकची गोळी द्यावी लागते. म्हणजे पाहा, लुसी विल्स यांनी परळमध्ये जे शोधले ते फिरून याच शिपायाच्या चिठ्ठीवर येते.

तपासणीत एक खुबी आहे, ती आमच्या सभासदांना आम्ही पाठ करायला लावली आहे. लोहाचा साठा फेरिटिन या आकड्याने मोजतात. अंगात दाह नसेल तर हा आकडा ३० च्या खाली गेला की लोह कमी समजायचे. पण दाह असला की फेरिटिन खोटे वर चढते. म्हणून आतड्याचा रोग पेटलेला असताना १०० पर्यंत आकडा असला तरी लोहाची कमतरता असू शकते. नुसता फेरिटिन पाहून "साठा ठीक आहे" म्हणून परत पाठवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिनची टक्केवारी आणि दाह दाखवणारी सीआरपी ही तपासणी लागते.

उपचाराचा क्रम डॉक्टरांनी ठरवायचा. सर्वसाधारण दिशा तेवढी सांगतो. आतड्याचा दाह आटोक्यात आणणे हे पहिले काम. ते न करता रक्त भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. रोग शांत असेल आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर असेल तर पोटातून लोहाची गोळी चालते, तीही बेताची; जास्त गोळ्यांनी जास्त लोह अंगी लागत नाही, उरलेले आतड्यातच राहून पोट बिघडवते. रोग पेटलेला असेल, हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह द्यावे, असा आजचा दंडक आहे. शिरेतल्या लोहाची जुनी औषधे कधीकधी जिवावर बेतत. त्या भीतीपायी आजही अनेक जण सलाइनमधून लोह घ्यायला तयार नसतात. नवी औषधे पुष्कळच सुरक्षित आहेत, मात्र ती इस्पितळात, देखरेखीखालीच घ्यायची. आणि रक्त भरले म्हणून चिठ्ठी फेकून द्यायची नाही; हा रक्तक्षय पुनःपुन्हा येतो, म्हणून पहिले वर्षभर तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे.

घरच्या उपायांविषयी दोन शब्द. गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, लोखंडी कढईत भाजी करा, हा सल्ला प्रत्येक पारावर मिळतो. निरोगी माणसाला तो वाईट नाही. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही, हेही खरे. पण व्रण पडलेल्या आतड्याला शेंगदाणे आणि कच्ची कोशिंबीर हा कधीकधी मारच ठरतो, आणि हिमोग्लोबिन सातवर आलेला माणूस गुळाने सावरत नाही. शिवाय पन्नाशीपुढच्या पुरुषाचे लोह कमी झाले तर त्यामागे मूळव्याध, जंत किंवा आतड्याचा कर्करोगही असू शकतो. अनवाणी शेतात राबणाऱ्याला अंकुशकृमी होतात. कारण शोधल्याखेरीज गोळ्या खात बसू नये.

आता आमच्या खात्यातली गोष्ट. आमच्या संघटनेतला एक माजी हवालदार एका कारखान्याच्या फाटकावर बारा तास उभा असे. कोलायटिसच्या माणसाला दिवसातून दहा-बारा वेळाही जावे लागते. फाटकाजवळच्या संडासाला कुलूप होते आणि किल्ली सुपरवायझरकडे. तो दुपारपर्यंत काही खात नसे, पाणी पीत नसे, म्हणजे जावे लागणार नाही. एके दिवशी ट्रकचा नंबर लिहिता लिहिता खाली कोसळला. तपासले तर हिमोग्लोबिन साडेसहा. मालकाचे म्हणणे, "फौजी माणूस, एवढ्याने पडतो?" आम्ही तीन दिवस फाटकावर बसलो. कुलूप निघाले आणि पाळी आठ तासांची झाली. रक्त वाढवण्याच्या उपायांत संडासाची किल्ली कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही, पण आमच्या अनुभवात ती आहे.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली; तिच्या पॉलिक्लिनिकमधून औषध मिळते आणि पुढच्या इस्पितळाची चिठ्ठीही मिळते. पण आमच्या फाटकावरच्या माणसाला तेथे जायला एक दिवसाचा पगार मोडावा लागतो. म्हणून आजारपणाची पगारी रजा ही रक्तक्षयाच्या उपचारातली पहिली मागणी आहे, असे आम्ही व्यवस्थापनांपुढे लेखी मांडले आहे.

राहिला पेन्शनचा प्रश्न. नोकरीत असताना आतड्याचा रोग जडला आणि त्यापायी शिपायाला घरी पाठवले तर वैद्यकीय मंडळ पुष्कळदा शेरा मारते की रोग सेवेमुळे उद्भवला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. एका ओळीने अपंगत्वाची पेन्शन जाते. रोगाचे मूळ कोठे हे शास्त्राला पुरते सांगता येत नाही, हे खरे. परंतु अमेरिकन सैन्यातल्या लोकांवर केलेले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की ज्यांना जंतूंचा जुलाब होऊन गेला त्यांच्यात पुढे या रोगाचे प्रमाण जास्त आढळले. चौकीवर जुलाब कशाने होतो, हे शिपायाला विचारा! आणि २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की भरतीच्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगीच होता असे धरून चालायचे. रोग सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे शिपायावर नाही, सरकारवर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले आहेत आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू होतात. आपली तारीख पाहूनच अर्ज करावा.

म्हणून पेन्शनरांना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना आमचे सांगणे इतकेच, की पलटणीच्या दवाखान्यातली जुलाबाची, आवेची जुनी चिठ्ठी रद्दीत घालू नका. भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, सुट्टीवर असताना गावच्या डॉक्टरने दिलेले औषध, रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेनिशी एका फायलीत लावा आणि एक झेरॉक्स प्रत धाकट्या भावाकडे ठेवा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमची कचेरी रविवारी सकाळी उघडी असते. येताना फाईल आणावी.